चौदा नंबरच्या खंदकातले चतुर

विभावरीने जुन्या धोतराची पट्टी बेबीच्या कमरेला बांधली, दुसरं टोक खाटेच्या पायाला बांधलं आणि गाठ ओढून पाहिली. मग परत ओढून पाहिली. बेबी सव्वा वर्षाची. पाय फुटून तिला पंधरवडाही झाला नव्हता, आणि नव्याने पाय फुटलेलं पोर जसं दारच शोधत असतं, तशी ती सकाळी डोळे उघडले की मागच्या दाराकडे निघायची. मागच्या दाराबाहेर अंगण, अंगणात पेरूचं झाड, आणि पेरूपलीकडे लगेच खंदक. काठोकाठ भरलेला.

"काय वो विभाताई, बांधली काय बकरी?" शेजारच्या क्वार्टरच्या ओट्यावरून राधाबाईंनी विचारलं. हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

"बांधली. सोडली तर बुडेल ना."

"आमी सात पोट्टे वाढवले. एकाले बांधलं नाही."

"तुमच्या अंगणात खंदक होता का, आत्या?"

राधाबाईंनी तळहातावरचा तंबाखू मळत जरा आठवून पाहिलं. "नाही बाई. विहीर होती."

एरवी विभावरी खळखळून हसली असती. आता हसू येण्याची जागाच रागाने अडवून धरली होती.

खंदक खणला पासष्टच्या सप्टेंबरात, लढाई पेटली त्या आठवड्यात. दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या इस्टेटीत चार-चार क्वार्टरांमागे एक, असे ओळीने खंदक खणले. काठावर पत्र्याची पाटी, पाटीवर पांढऱ्या रंगात नंबर. यांच्या वाट्याला चौदा आला. भोंगा झाला की बायकांनी पोरं कडेला घेऊन आत उतरायचं, असं ठरलं. जबलपुरात विमान काही आलं नाही, पाऊस मात्र आला. इथली काळी माती पाणी एकदा धरलं की सोडत नाही. खंदक भरला तो भरलाच. पुढे लढाई थांबली, खिडक्यांवरचे काळे कागद निघाले, दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. पाणी तिथंच. त्यावर शेवाळाची साय धरली होती. आणि वरून हुकूम असा, की खंदक बुजवणं, अडवणं, त्यात काही टाकणं हा गुन्हा. लढाई पुन्हा केव्हाही पेटेल.

म्हणजे बॉम्बपासून वाचवायला खणलेल्या खड्ड्यात पोर आधी बुडून मेलं तरी चालेल. हे विभावरीच्या मनात रोज यायचं. भात टाकताना यायचं, बेबीचे लंगोट वाळत घालताना यायचं.

ती इस्टेट ऑफिसात जाऊन आली होती. तिथले मुख्य बाबू श्रीपादराव आपल्यातलेच. गणपतीत आरतीला पुढे असत. विभावरीला त्यांनी खुर्ची दिली.

"वहिनी, दर मंगळवारी पंप जातो. उपसा होतो. सगळी नोंद आहे माझ्याकडे."

"कुठला पंप? मी दिवसभर घरीच असते. मला एकदाही दिसला नाही."

"स्वयंपाकघरात असाल तुम्ही."

"स्वयंपाकघराची खिडकी खंदकावरच उघडते."

श्रीपादराव हसले. समोरच्याला लहान करायचं असलं की काही माणसं हसतात, तसं. "मग परवा सर आली होती ना, तिचं ताजं पाणी असेल. नाहीतर धुण्याचं. बायका बादल्या ओततात हो खंदकात. मी काय कोणाकोणाच्या मागे काठी घेऊन फिरू?"

ती परत आली. आणि त्याच आठवड्यात बापू पडला.

बापू म्हणजे राधाबाईंचा नातू, तीन वर्षांचा. त्याची आई इंदू नळावर होती. राधाबाई शेंगा निवडत बसलेल्या. बेडूक पकडायला गेलेलं पोर आवाज न करता पाण्यात गेलं. बुडणारं पोर ओरडत नाही, हे विभावरीला त्या दिवशी कळलं. राधाबाईंनी त्याला केसांना धरून ओढून काढलं, उलटा धरून पाठीत धपाटे घातले, आणि पोर जेव्हा हिरवं पाणी ओकून रडायला लागलं, तेव्हा त्याच्यापेक्षा मोठ्याने त्या रडल्या. विभावरी दारात उभी होती. हातात पट्टीचं टोक गच्च धरलेलं, इतकं की बोटं पांढरी पडली.

आता तरी पंप येईल असं सगळ्यांना वाटलं. आला तो ऑफिसातला शिपाई. इंदूचा नवरा अंबादास फॅक्टरीत फिटर. त्याच्यासाठी निरोप होता: घरच्या बायका खंदकात धुण्याचं पाणी ओततात आणि पोराकडे लक्ष देत नाहीत, क्वार्टर का काढून घेऊ नये, याचा खुलासा करावा.

"म्यां ओतलं?" इंदू विभावरीच्या चुलीपुढे बसून कपाळावर हात मारत होती. "ताई, नळाले अर्धा घंटा पाणी येते. प्यायले पुरत नाही. खंदक भरायले कुठून आणू? नर्मदा बांधली आहे काय माझ्या दारी?"

विभावरीचं लक्ष खिडकीबाहेर होतं. पाण्यावर चतुर फिरत होते. एक लालभडक, एक हिरवट पट्ट्यांचा, आणि काठच्या गवतात त्या बारीक, काडीसारख्या टाचण्या. आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

नागपूरला बी.एस्सी. करताना विभावरीने दोन पावसाळे अंबाझरी तलावाच्या काठावर चतुरांमागे काढले होते. तिच्या प्राध्यापक बाई म्हणायच्या, आधी बसतो कसा ते बघा. पंख पसरून बसला तर चतुर. पाठीवर मिटून घेतले तर टाचणी. मग डोळे बघा: एकमेकांना चिकटलेले की दोन टोकांना. मग पंखाच्या शेंड्याजवळचा ठिपका. रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. लग्न झालं, एम.एस्सी. राहिली, जाळी घेऊन पळणं तर राहिलंच. पण भावाने दिलेला डबा कॅमेरा सोबत आला होता. सासऱ्यांचं पोथी वाचायचं भिंग कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलं की हातभर अंतरावरचं दिसू लागायचं. बेबी झोपली की ती पेरूखाली दबा धरून बसायची. बारा फोटोंचा रोल. त्यात चार नुसते गवताचे यायचे, तीन धुक्याचे, आणि उरलेल्यांत कधी एखादं शेपूट, कधी अर्धा पंख. त्या अर्ध्या पंखावरून नाव लावायचं. सगळे फोटो बिस्किटाच्या डब्यात. दिवाकर, तिचा नवरा, फॅक्टरीत चार्जमन होता, तो कौतुकाने म्हणायचा, "आमच्या घरी माणसांचे फोटो नाहीत. किड्यांचा अल्बम आहे."

लढाई सुरू झाल्यावर मात्र त्याने कॅमेरा ट्रंकेत टाकायला लावला होता. "इस्टेटीत कॅमेरा काढायचा नाही, दारोदार सांगून गेले ना? त्या दुबेला तुझा किडा दिसणार नाही, विभा. मागची पाण्याची टाकी तेवढी दिसेल."

दुबेजी म्हणजे इस्टेटीचे सुरक्षा अधिकारी. सप्टेंबरात त्यांनी क्लबात बायकांचा वर्ग घेतला होता. भिंतीवर मोठा तक्ता, त्यावर विमानांच्या काळ्या सावल्या. हातातल्या छडीने ते दाखवायचे: "रंग मत देखो, रंग धोखा देता है। पंख कहाँ से निकले, पूँछ कैसी है, वो देखो।" विभावरी तेव्हा पदरात तोंड घालून हसली होती. बाईंचंच वाक्य, चतुरांऐवजी विमानांना लावलेलं.

तिने ट्रंक उघडली.

कारण चतुर हवेत जन्मत नाही. त्याची मादी पाण्यात अंडी घालते, त्यातून बिनपंखाची, गढूळ रंगाची अळी निघते, आणि ती पाण्यातच वाढते. महिना, कधी दीड महिना, कधी त्याहून जास्त. मग एका सकाळी ती काठावर चढते, पाठ उकलते, आणि आतून पंखवाला जीव बाहेर येतो. कात तिथंच चिकटून राहते. ज्या खंदकाच्या भिंतीला अशी कात चिकटली आहे, त्या खंदकाचा दर मंगळवारी उपसा होतो, हे कोणी कसं म्हणेल? अळी काय मंगळवारपुरती माहेरी जाते?

ती ऊन चढायची वाट बघत खंदकाच्या काठी पालथी पडली. बेबी राधाबाईंकडे. भिंतीच्या चिखलाला तीन-चार काती आधीच लटकलेल्या होत्या, कोरड्या, पोकळ, पाठीवर फाटलेल्या. आणि तिथंच, गवताच्या एका काडीवर, एक अळी चढत होती. पाठ फाटली. फिकट, ओलसर, दुधाच्या दाताच्या रंगाचं काहीतरी बाहेर आलं. टाचणी. चुरगळलेले पंख हळूहळू सरळ झाले. एरवी हे बघून विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आज तिने दात आवळून भिंग धरलं आणि खटका दाबला. पुन्हा दाबला. मग मागे सरकून उभ्याने एक घेतला, ज्यात पाटीवरचा चौदा आकडा यावा. घाईत कॅमेरा वर गेला आणि एक नुसताच आकाशाचा निघाला, असं तिला वाटलं.

"काय करून राहिल्या ताई?" इंदू घाबरून म्हणाली. "कोणी पाह्यलं तं?"

"पाहू दे. दाखवायलाच काढतेय."

दिवाकरला तिने त्या दिवशी सांगितलं नाही. तो बारा तासांची पाळी करून यायचा, ताटावरच पेंगायचा.

जबलपूरच्या गोरखपूर बाजारातल्या स्टुडिओवाल्याने फोटो देताना मान वाकडी करून पाहिलं. "दीदी, शादी-ब्याह का कुछ नहीं? सब मच्छर ही मच्छर?"

घरी येऊन तिने फोटो खाटेवर मांडले. पहिले तीन धूर. चौथ्यात तिचंच बोट. पाचव्यात लाल चतुर, पण फोटोत लाल काय आणि हिरवा काय, सगळं राखाडी. तरी पंख पसरलेले, बुडाशी गडद डाग, पोट चपटं. म्हणजे तोच तो, तळ्यावरचा लाल. सहाव्यात काती. भिंगाखाली पायांच्या नख्यासुद्धा दिसत होत्या. सातवा... सातवा बघून ती श्वास धरून राहिली. टाचणी आपल्याच कातीला धरून लटकलेली, डोळे डंबेलच्या दोन गोळ्यांसारखे दोन टोकांना, पंख अजून दुधी, पाठीवर मिटलेले. एवढा स्वच्छ फोटो तिच्या हातून आजवर निघाला नव्हता. आठव्यात उभा खंदक, पाटी, आकडा. पाटीमागे भिंत, आणि भिंतीमागे, अरे देवा, फॅक्टरीची पाण्याची टाकी. नवव्यात आकाश, आकाशात एक काळी, लांबट, पंख पसरलेली, फिसकटलेली आकृती. चतुर उडता उडता मध्ये आला होता.

टाकीवर तिची नजर क्षणभर अडखळली. दिवाकरची नोकरी आठवली. मग बापूने ओकलेलं हिरवं पाणी आठवलं. तिने पाकीट उचललं आणि इंदूला हाक मारली.

श्रीपादरावांनी या वेळी खुर्ची दिली नाही. फोटो पत्त्यांसारखे भराभर खाली टाकत म्हणाले, "हे काय वहिनी, डासांचे फोटो? इथे काय प्रदर्शन आहे?" मग आठवा हातात आला आणि त्यांचा हात थांबला. "हा खंदकाचा फोटो? तुम्ही काढला? कॅमेऱ्याने?"

"नाही. परातीने काढला," विभावरी म्हणाली.

श्रीपादराव उठून शेजारच्या खोलीत गेले आणि दुबेजींना घेऊन आले. धिप्पाड माणूस, मिशांना तेल. त्यांनी फोटो टेबलावर ओळीने लावले, हात मागे बांधून एकेकावर वाकले, आणि नवव्यापाशी आले तसे ताठ झाले.

"यह कब का है?"

"परसों का," विभावरी म्हणाली.

"परसों इस्टेट के ऊपर कोई हवाई जहाज़ नहीं आया।"

इंदूने विभावरीचा पदर ओढला. "ताई, जहाज म्हणते काय हा?"

दुबेजींनी शिपायाला हाक मारून तक्ता आणवला. तोच, क्लबातला. फोटो एकेका सावलीशेजारी धरून पाहू लागले. कपाळावर घाम आला. "दो जोड़ी पंख... पूँछ इतनी लंबी..." ते पुटपुटत होते. "अपना तो नहीं है। मगर उनका भी नहीं है।"

"दुबेजी," विभावरी म्हणाली, "आगे देखिए। आँखें हैं। जहाज़ की आँखें नहीं होतीं।"

पदराआड इंदू फिस्सकन हसली. दुबेजींनी टेबलावरचं भिंग घेतलं, वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. मग सरळ झाले तेव्हा कानांच्या पाळ्या लाल होत्या.

विभावरीने त्यांना सावरायला वेळ दिला नाही. तिने काती पुढे केल्या, टाचणी पुढे केली. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, जे तोंडात येईल त्या भाषेत ती बोलत गेली. हा जीव अळी असताना पाण्यात महिन्यावर राहतो. नाकाने नाही, शेपटीतल्या कल्ल्यांनी श्वास घेतो. पाणी काढलं की मरतो. आणि हा इथे, चौदा नंबरच्या भिंतीवर, बाहेर येतोय. एक नाही, किती तरी. "तुम्हीच शिकवलं ना, रंग बघू नका, अंग बघा? बघा मग. या फोटोत पंख दुधी आहेत, अजून उडालासुद्धा नाही. म्हणजे दुसऱ्या डबक्यातून उडून आलेला नाही. इथलाच आहे. खंदक खणला तेव्हाचं पाणी आहे हे, दुबेजी. एकदाही उपसलेलं नाही. इंदूने बादली ओतली म्हणून साचलेलं नाही."

दुबेजींनी सातवा फोटो उचलला आणि तक्त्याशेजारी धरला. मग मान हळूहळू श्रीपादरावांकडे वळली. "तो बाबूजी, आपका मंगलवार वाला पंप?"

"पंप... पंप जातो ना," श्रीपादरावांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "वरवरचं पाणी काढतो. खाली थोडं राहतंच."

"थोडं?" इंदू एकदम उसळली. आत्तापर्यंत ती विभावरीच्या पाठीशी चिकटून होती. "माहा बापू त्या थोड्यात बुडून राहिला होता ना, बाबूजी! उतरा तुम्ही त्यात. पाहू कोठवर येते."

दुबेजींनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना सगळं कळलं होतं. विभावरीला त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. वर्गातल्या मुलीला गणित सुटावं तसं. तिला वाटलं, झालं. आता पंप येणार.

"बहनजी," दुबेजी म्हणाले, "बात आपकी सोलह आने सही है।" त्यांनी फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि आपल्या खिशात घातले. "अब कैमरा जमा कर दीजिए।"

"म्हणजे?"

श्रीपादरावांना कंठ फुटला. आवाज एकदम मऊ. "वहिनी, इस्टेटीत फोटो काढणं म्हणजे काय होतं, ठाऊक आहे ना? दिवाकररावांची नोकरी... मी बोललो का काही? नाही ना? मग आपण असं करू. अंबादासचं प्रकरण मी इथेच मिटवतो, क्वार्टरला कोणी हात लावणार नाही. फोटो इथे राहतील. तुम्ही सुखाने घरी जा."

"आणि खंदक?"

"खंदकाचा हुकूम वरून यावा लागतो."

विभावरीने इंदूकडे पाहिलं. इंदूचे डोळे भरले होते. "हो म्हणा, ताई," ती कुजबुजली. "घर वाचून राहिलं माझं. पाया पडतो तुमच्या."

विभावरी हो म्हणाली. शिपाई घरापर्यंत आला, ट्रंकेतला कॅमेरा घेऊन गेला. भिंग तेवढं राहिलं. ते पोथीत होतं.

ती दारात उभी राहिली. बेबी पट्टीला ताण देत, हात पुढे करून, त्या पाण्याकडे बघून हसत होती. न समजणाऱ्या माणसाला समजावता येतं. बाईंनी तिला शिकवलं, तिने दुबेला शिकवलं. पण ज्याला सगळं समजलं आणि समजून ज्याने फोटो खिशात घातले, त्याला काय शिकवायचं? इतके दिवस राग हात-पाय बांधून बसला होता. आता त्याला हात फुटले.

"इंदू, अंबादासभाऊंचं फावडं कुठंय?"

"काहून?"

"आण."

खंदकातून काढलेली माती काठावरच ढिगाने पडली होती, तिच्यावर गवत माजलेलं. विभावरीने पदर खोचला आणि पहिलं फावडं मारलं. ढेकूळ पाण्यात पडलं, हिरवी साय फाटली.

"अवो, हुकूम हाये ना?" राधाबाई ओट्यावरून ओरडल्या. "बुजवाचा नाही म्हणून?"

"आहे."

"मंग?"

"बेबीला धरा, आत्या. पट्टी सोडा तिची."

राधाबाई तंबाखू थुंकून उठल्या, बेबीला कडेवर घेतलं, आणि दुसऱ्या हाताने एक ढेकूळ उचलून असं फेकलं, जसं नवऱ्याच्या सगळ्या भाऊबंदांना फेकून मारत असाव्यात. "माह्या नातवाले खात होता मेला!"

इंदूने घमेलं आणलं. कोपऱ्यावरच्या क्वार्टरची कौरबहेनजी कोळशाचं खोरं घेऊन आली. काय चाललंय हेही विचारलं नाही, तिचीही दोन होती. मधेच विभावरी थांबली, घरात गेली आणि पिठाची चाळणी आणि बादली घेऊन आली. गुडघाभर चिखलात उतरून अळ्या चाळून काढायला लागली.

"माय! चाळणी बाटवली!" इंदू म्हणाली. "किड्यायले काहून वाचवता?"

"साक्ष दिली त्यांनी तुझ्यासाठी. एवढं तरी नको?"

बादली मागच्या नाल्यात रिकामी झाली. माती पडत राहिली, पाणी फुगून काठावरून वाहून गेलं, नाल्याकडे. हातांना फोड आले, फुटले. राग काही फुटला नाही. तो फावड्याच्या दांड्यातून परत हातात येत होता.

दिवाकर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. सायकल हातात धरून तो पेरूखाली थांबला. बायको कमरेपर्यंत चिखलाने माखलेली. खंदकाच्या जागी मातीचा ओला पट्टा.

"विभा, हे काय करून बसलीस? अगं, गुन्हा आहे हा! मला उद्या गेटावर अडवतील. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाही." ती फावड्यावर रेलून धापा टाकत होती. "तुम्ही बारा तास बॉम्ब घडवता, तेव्हा मी इथे बारा तास एक गाठ ओढून बघते. सुटली का, सुटली का. कोणाचं डोकं ठिकाणावर राहील हो?"

तो खालमानेने आत गेला. दार आपटलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. थोड्या वेळाने तो बनियनवर बाहेर आला, हातात हातोडी. चिखलात आडवी पडलेली पाटी त्याने उचलली, धोतराच्या त्याच पट्टीने पुसली, आणि भरलेल्या मातीत मधोमध ठोकून उभी केली. चौदा.

"ते पाटीच बघतात," तो म्हणाला. "खड्डा कोणी बघितलाय आजवर?"

दिवाळी झाली. कोणी आलं नाही. राधाबाईंनी ओल्या मातीत धने टाकले होते, बोटभर कोथिंबीर वर आली होती. आणि मग एका मंगळवारी ऑफिसातला शिपाई सायकलवरून आला. पाटीपाशी एक पाय टेकून थांबला. पाटीकडे पाहिलं, कोथिंबिरीकडे पाहिलं, आणि राधाबाईंकडे पाहिलं.

"पानी निकल गया, अम्मा?"

"निकल गया भैया. पूरा."

त्याने खिशातून कागद काढला, काहीतरी खूण केली आणि सायकलवर टांग टाकली. जाताना दोन काड्या कोथिंबीर मागून घेतली.

विभावरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. हसावं की खिडकीच्या गजांवर डोकं आपटावं, तिला कळेना. म्हणजे सप्टेंबरापासून हे असंच. बापू पाण्यात गेला त्या आठवड्यातसुद्धा कोणीतरी कागदावर उपसा झाल्याची खूण केली होती. बेबी गेली असती, तरी केली असती.

बेबी कोथिंबीर तुडवत, मोकळी, पाटीपर्यंत चालत गेली आणि तिने पाटीला मिठी मारली. तिच्या डोक्यावरून एक लाल चतुर आला. जिथे पाणी होतं तिथे घिरट्या घातल्या, शेपटीचं टोक ओल्या मातीवर टेकवून पाहिलं, उचललं, पुन्हा टेकवलं. बुडाशी गडद डाग, पोट चपटं. विभावरीचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला आणि रिकामा परत आला. चतुर वळला आणि भिंतीवरून पलीकडच्या ओळीकडे उडून गेला. तिकडे पाणी होतं तर.

ती मागच्या दारात आली.

"आत्या, पंधरा नंबर कोणाच्या अंगणात येतो?"

"त्या आंब्याच्या लायनीत. तिवारणीच्या. तिले बी तान्हं हाये." राधाबाईंनी डोळे बारीक केले. "काहून वो?"

विभावरीने पदर खोचला आणि पेरूला टेकवलेलं फावडं उचललं. दांड्यावर अजून मागचा चिखल वाळलेला होता. तो तिने नखाने खरवडून काढला.